इयत्तेचा अर्थ

ज्या कायद्यांविषयीं घरोघर मतें ऐकूं येतात, ते कायदे प्रत्यक्ष वाचलेलीं माणसें फार थोडीं असतात. “आठवीपर्यंत कोणाला नापासच करावयाचें नाहीं, म्हणून मुलें बिघडलीं,” हें वाक्य गेलीं पंधरा वर्षें आपल्या दिवाणखान्यांत, शिक्षकांच्या खोलींत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे कीं, त्याला आतां म्हणीचें रूप आलें आहे. २०१९ सालीं तो कायदा दुरुस्त झाला. २०२३ सालीं महाराष्ट्रानें आपले नियम बदलून पांचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हां आणली. आणि डिसेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनेंही आपल्या अखत्यारींतील शाळांपुरते तसेच नियम केले. तेव्हां म्हण जिंकली असें समजण्यास हरकत नाहीं. परंतु जिंकलेल्या पक्षाचें म्हणणेंही एकदां तपासून पाहावें लागतें, आणि हरलेल्या पक्षानें नेमकें काय लिहिलें होतें हें पाहिल्यावांचून ती तपासणी न्यायाची होत नाहीं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आणि त्याची २०१९ ची दुरुस्ती हे दोन लेख समोर ठेवून, एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावें त्या रीतीनें, त्यांचा अर्थ लावून पाहण्याचा येथें विचार आहे.

आरंभीं एका शब्दाकडे लक्ष दिलें पाहिजे. शाळेंतील वर्गाला आपण ‘इयत्ता’ म्हणतों. हा शब्द संस्कृत असून ‘इयत्’ म्हणजे ‘इतकें’ या पदापासून तो झाला आहे. इयत्ता म्हणजे इतकेपणा, परिमाण. मूल चौथ्या इयत्तेंत आहे याचा शब्दशः अर्थ, त्याचें ज्ञान चौथ्या मापाइतकें भरलें आहे, असा होतो. इंग्रजी ‘स्टँडर्ड’ या शब्दांतही मापाचीच कल्पना आहे, आणि ज्या कोणीं त्याला हा मराठी प्रतिशब्द योजला त्याची निवड मार्मिक होती यांत शंका नाहीं. आजच्या वादाचें सारें मर्म या एका शब्दांत सांठविलेलें आहे. वर्षाअखेर मूल वरच्या इयत्तेंत गेलें, पण तेवढें ज्ञान त्याच्या पदरीं पडलें नाहीं, तर त्याला खोटा दाखला मिळतो. मूल त्याच इयत्तेंत राहिलें, पण दुसऱ्या वर्षींही कोणी त्याला कांहीं शिकविलें नाहीं, तर दाखला खरा मिळतो, परंतु त्याचा उपयोग कोणालाच होत नाहीं. आपल्याकडील वाद या दोहोंपैकीं कोणता दाखला द्यावा एवढ्यापुरताच चालला आहे. माप भरावयाचें कोणीं व केव्हां, हा प्रश्न मागेंच पडला.

इयत्ता ही वस्तु आपण समजतों तितकी पुरातन नाहीं. पंतोजींच्या शाळेंत इयत्ता नव्हत्या. कोणी धुळपाटीवर अक्षरें गिरवीत आहे, कोणी पाढे व पावकी-निमकी म्हणत आहे, कोणी मोडी वळण घोटीत आहे, असा एकाच ओसरीवर सारा प्रकार चाले, आणि मुलगा पुढें जाई तो आपल्या गतीनें. त्या शाळेचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. बहुजनसमाजाच्या मुलांना क्वचित्, अस्पृश्य गणलेल्या जातींच्या मुलांना व मुलींना जवळजवळ कधींच, तिची पायरी चढतां येत नसे. आणि पंतोजींची छडी तर प्रसिद्धच आहे. परंतु ‘नापास’ ही कल्पना तेथें संभवत नव्हती, हेंही खरें. ती आली सरकारी खात्याबरोबर. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर पुढल्याच वर्षीं मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें स्थापन झालें. तिकडे विलायतेंत रॉबर्ट लो यांनीं १८६२ च्या सुधारित नियमावलीनें शाळांचें अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व गणित या तीन विषयांच्या परीक्षेवर बांधून टाकलें. सरकारी तपासनिसानें प्रत्येक मुलाला त्याच्या इयत्तेप्रमाणें तपासावें, आणि जितकीं मुलें उतरतील त्या मानानें शाळेला पैसा मिळावा, अशी ती योजना होती. इकडे मुंबई इलाख्यांतही खासगी शाळांच्या अनुदानाला निकालाचा हाच गज लावण्यांत आला. मॅथ्यू आर्नल्ड हा कवि व टीकाकार त्या काळीं स्वतः शाळातपासनीस होता. या पद्धतीनें शिकविणें यांत्रिक होतें अशी तक्रार तो आपल्या अहवालांतून वारंवार करी. शेवटीं एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच विलायतेनें ती सोडून दिली. आपल्याकडे डेपुटी येण्याच्या दिवशीं मराठी शाळांची जी तारांबळ उडे तिची स्मृति अद्याप पुसलेली नाहीं. तात्पर्य, इयत्तेच्या दारावर परीक्षेचा पहारा बसला तो पैशाच्या हिशेबासाठीं. मुलाच्या हिताचें कारण त्याला मागाहून जोडलें गेलें. ‘पूर्वीं नापास करीत, म्हणून शिक्षण चांगलें होतें,’ असें म्हणणारांनीं हा इतिहास ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

त्या ‘पूर्वीं’चा हिशेबही उपलब्ध आहे. सायमन कमिशनला साह्य करण्यासाठीं सर फिलिप हार्टॉग यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९२९ सालीं आपला अहवाल सादर केला. १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर शंभर मुलामुलींमागें १९२५-२६ सालीं चौथ्या इयत्तेंत अवघीं अठरा दिसत होतीं, असें त्यांत दाखविलें आहे. समितीनें या रोगाच्या दोन बाजू नांवें देऊन वेगळ्या केल्या. प्राथमिक शिक्षण पुरें होण्यापूर्वींच शाळा सोडणें ही गळती, आणि एकाच वर्गांत एकाहून अधिक वर्षें अडकून राहणें ही कुंठितावस्था. या आंकड्याचा अर्थ लावतांना सावधगिरी हवी. कारण पहिल्या इयत्तेच्या पटावर मागल्या वर्षांचीं अडकलेलीं मुलेंही असत, त्यामुळें शंभराचा आंकडा मुळांतच कांहींसा फुगलेला होता. परंतु तेवढी वजाबाकी करूनही निष्कर्ष टळत नाहीं. नापास करण्याची पूर्ण मुभा असलेल्या त्या काळांत बहुतेक मुलें चौथीपर्यंत पोंचतच नव्हतीं. एकाच बाकावर दुसरें वर्ष काढणारें मूल तिसऱ्या वर्षीं शेतावर किंवा गुरांमागें दिसे. आपल्या वडीलधाऱ्यांना जी शाळा उत्तम वाटते ती, गळून गेलेलीं मुलें मोजलींच न गेल्यामुळें, उत्तम वाटते. उरले ते हुशार आणि घरचा आधार असलेले. आठवणी लिहिल्या त्या त्यांनींच.

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यांत जन्मलेले जे. पी. नाईक होते, पहिली व दुसरी या दोन इयत्ता मिळून एकच घटक मानावा अशी शिफारस केली. पुढें अनेक राज्यांनीं खालच्या वर्गांपुरती कमीअधिक तशी व्यवस्थाही केली. म्हणजे २००९ च्या कायद्यांतील कल्पना कोणा लहरी मंत्र्याच्या डोक्यांतून एका रात्रींत निघाली नव्हती. तिच्यामागें ऐंशी वर्षांचा अनुभव उभा होता.

आतां मूळ लेख पाहूं. कलम १६ अगदीं लहान आहे. शाळेंत दाखल झालेल्या कोणत्याही बालकाला प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत कोणत्याही वर्गांत मागें ठेवतां येणार नाहीं, किंवा शाळेंतून काढून टाकतां येणार नाहीं, एवढेंच तें म्हणतें. लोकांनीं हेंच एक कलम वाचलें, किंबहुना ऐकलें. परंतु कायदा म्हणजे सुभाषितांचा संग्रह नव्हे कीं, वाटेल तो श्लोक सुटा म्हणावा. कलम ४ सांगतें कीं, मोठ्या वयाचें मूल त्याच्या वयाला साजेशा वर्गांत घेतलें तर इतरांच्या बरोबरीला येण्यासाठीं त्याला विशेष शिक्षण मिळावें. कलम २४ शिक्षकाला सांगतें कीं, प्रत्येक बालकाची शिकण्याची शक्ति अजमावून आवश्यक तेथें ज्यादा शिकवणूक द्यावी. कलम २७ म्हणतें कीं, जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य बिनशैक्षणिक कामाला शिक्षकास जुंपूं नये. कलम २९ म्हणतें कीं, बालकाला काय समजलें आणि समजलेलें त्याला वापरतां येतें कीं नाहीं याचें मूल्यमापन सर्वंकष व सातत्यानें व्हावें. परिशिष्टांत पांचवीपर्यंत तीस मुलांमागें एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण घालून दिलें आहे. हीं कलमें एकत्र वाचलीं म्हणजे एक सलग वाक्य तयार होतें: मुलाला अडवूं नका, कारण तुम्ही त्याला वर्षभर तपासणार आहां, आणि जेथें त्याचें अडेल तेथें तेव्हांच हात देणार आहां. परीक्षा रद्द झाली असें जें म्हटलें जातें तें या दृष्टीनें चुकीचें आहे. वर्षाच्या टोंकाला असलेली परीक्षा कायद्यानें सबंध वर्षावर पसरविली होती.

परंतु या वाक्याचा पूर्वार्ध फुकटचा होता आणि उत्तरार्धाला पैसा, माणसें व मेहनत लागत होती. कायदा १ एप्रिल २०१० रोजीं अमलांत आला, आणि पूर्वार्ध त्याच वर्षीं सर्वत्र लागू झाला. उत्तरार्धाचें काय झालें याची एकच खूण पुरे. प्रशिक्षण न झालेल्या शिक्षकांनीं पांच वर्षांत पात्रता मिळवावी असें मूळ कायद्यांत होतें. तें झालें नाहीं, म्हणून २०१७ सालीं आणखी एक दुरुस्ती करून ती मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवावी लागली. त्याच मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस मुलांना मागें ठेवण्याची मुभा देणारी दुरुस्ती अमलांत आली. शिक्षकांना शिकविण्याचा वायदा पुरा होण्याची वाट न पाहतां, मुलें शिकलीं नाहींत असा निकाल देण्याची तयारी पुरी झाली होती.

दोष केवळ अंमलबजावणीचा, असें म्हणून मूळ लेखाला मोकळें सोडणें मात्र योग्य होणार नाहीं. त्याच्या रचनेंतच एक उणीव आहे. कलम १६ निषेधाच्या भाषेंत लिहिलें आहे आणि कलम २४ सदिच्छेच्या. ‘मागें ठेवतां येणार नाहीं’ हें मोडलें तर लगेच दिसतें. मूल कोणत्या वर्गांत बसलें आहे हें कोणीही पाहूं शकतो. ‘आवश्यक तेथें ज्यादा शिकवणूक’ हें मोडलें तर कोणालाच दिसत नाहीं, कारण आवश्यक आहे कीं नाहीं हें ठरविणारा आणि ती देणारा मनुष्य एकच. ज्या कायद्यानें खोल्या, भिंती, स्वच्छतागृहें व वाचनालय यांची यादी दिली, त्यानें अमुक वयाच्या मुलाला निदान वाचतां आलेंच पाहिजे असें एक वाक्य कोठें लिहिलें असतें, तर पुढला पुष्कळ अनर्थ टळला असता.

महाराष्ट्रांत २०१० पासून ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ सुरू झालें. वर्षभर चालणारें तें आकारिक आणि सत्राच्या शेवटीं होणारें तें संकलित, असे त्याचे दोन भाग झाले. आणि प्रत्येक मुलाविषयीं शिक्षकानें वर्णनात्मक नोंदी लिहाव्या असें ठरलें. साहित्याच्या वाचकाला या कल्पनेचें कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाहीं. एका मुलाकडे वर्षभर पाहून त्याच्याविषयीं चार खरीं वाक्यें लिहावयाचीं, हें काम व्यक्तिचित्र रेखाटण्याइतकें अवघड आहे. तें काम भरगच्च वर्गांच्या आणि एकाच वेळीं दोनतीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकांवर, त्यासाठीं पुरेशी तयारी न करवितां, सोंपविण्यांत आलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरूं लागल्या. ‘स्पष्ट उच्चारांत वाचतो,’ ‘गटांत मिसळून काम करतो,’ ‘परिसराविषयीं जिज्ञासा दाखवितो,’ अशा ठशाचीं वाक्यें एकाच्या नांवापुढून दुसऱ्याच्या नांवापुढें उतरविलीं गेलीं. ज्या वहींत मूल दिसावयाचें, तींत लिहिणाराची घाई तेवढी दिसूं लागली.

येथें एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. नापासाची भीति गेली ती एकट्या मुलाची गेली नाहीं. ‘आपल्या वर्गांतलीं इतकीं मुलें कां राहिलीं’ या प्रश्नाचा जो संकोच शिक्षकाला, मुख्याध्यापकाला व खात्याला वाटत असे तोही तिच्याबरोबर गेला. परीक्षेच्या दिवशीं अज्ञान वर्षांतून निदान एकदां उघडें पडत होतें. आतां तें सुवाच्य अक्षरांत झांकलें गेलें. मूल आठ वर्षें पुढें सरकत राही आणि नववींत, जेथें कलम १६ चें छत्र संपतें, तेथें एकाएकीं भिंतीवर आदळे. सरसकट वर चढविण्याच्या धोरणावरचा हा आमच्या मतें सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि मुलांना धाक राहिला नाहीं या नेहमींच्या आक्षेपाहून तो अगदीं निराळा आहे.

धाकाच्या आक्षेपाला आंकड्यांचा आधार दिला जातो, म्हणून तेही पाहूं. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून ‘असर’ नांवाची पाहणी होत आली आहे. तींत खेड्यांतील मुलांच्या घरीं जाऊन त्यांच्याकडून वाचून घेतात. २०२४ च्या पाहणीप्रमाणें सरकारी शाळांत पांचवींत शिकणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा ४४.८ मुलांनाच दुसरीच्या पुस्तकांतला उतारा वाचतां आला. हा आंकडा सांगून, ‘पाहा ढकलपासाचा परिणाम’ असें म्हणतात. परंतु कायदा अमलांत येण्यापूर्वीं, २००९ च्या पाहणींतही, खेड्यांतल्या पांचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना तेवढें वाचतां येत नव्हतें. २०१० नंतरच्या दोन वर्षांत स्थिति आणखी ढांसळली, हें मान्य केलें पाहिजे. पण तोच कायदा जारी असतांना २०१८ पर्यंत ती कांहींशी सांवरली, हेंही मान्य केलें पाहिजे. शिवाय खालच्या वर्गांत नापास न करण्याची प्रथा कित्येक राज्यांत आधींपासूनच होती. तेव्हां या आंकड्यांवरून नापासाच्या बाजूनें किंवा विरुद्ध कांहीं सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, कोट्यवधि मुलें शाळेंत येतात, बसतात, आणि वाचावयास न शिकतां मोठीं होतात. कायदा कोणताही असो.

धाकानें कांहींच होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला शिकविलें आहे आणि जो आळस करतो, त्याला धाकाचा उपयोग होत असेल. परंतु नापास होणारीं मुलें बहुतेक कोणाचीं असतात? मराठवाड्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाचें उदाहरण घ्यावें. आईबापांबरोबर मूल पश्चिम महाराष्ट्रांतील किंवा कर्नाटकांतील फडावर जातें, उन्हाळा लागतां परततें, आणि तोंवर शाळेचें वर्ष संपत आलेलें असतें. पांचवींतील अशी एखादी मुलगी परीक्षेंत उतरली नाहीं, तर तो धाक कोणाला बसला? तिला कीं मुकादमाला? तिला दुसरें वर्ष त्याच वर्गांत बसविलें तर पुढल्या दिवाळींत ती पुन्हां फडावरच असेल. आणि आठवींत अडली तर शाळा सोडवून लग्न उरकण्यास घराला एक सबब मिळेल. ‘मागें ठेवणें’ हा शब्दप्रयोग अशा मुलांच्या बाबतींत फार सौम्य आहे.

परदेशचा दाखलाही असाच सावध करणारा आहे. अमेरिकेंतील शिकागो शहरानें १९९६ सालीं सरसकट वर चढविण्याची चाल मोडून तिसरी, सहावी व आठवीला परीक्षेची अट घातली, आणि नापासांसाठीं उन्हाळी वर्ग ठेवले. ब्रायन जेकब व लार्स लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनीं त्या मुलांचा पुढें माग काढला. सहावींत अडविलेल्या मुलांच्या पुढील शाळेवर विशेष परिणाम दिसला नाहीं. आठवींत अडविलेल्या दुबळ्या मुलांचें शाळा सोडण्याचें प्रमाण मात्र वाढलें. शिकागो आणि बीड यांत पुष्कळ अंतर आहे. तथापि आपण परीक्षेसाठीं ज्या दोन इयत्ता निवडल्या त्यांतली एक तीच आठवी आहे, हें विसरूं नये.

आतां २०१९ ची दुरुस्ती. ती वाचतांना पहिली गोष्ट नजरेस येते ती तिचा मवाळपणा. पांचवीच्या व आठवीच्या वर्षाअखेर नियमित परीक्षा घ्यावी. जें मूल उतरणार नाहीं त्याला ज्यादा शिकवणूक देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आंत फेरपरीक्षेची संधि द्यावी. तींतही तें उतरलें नाहीं तर पांचवींत, आठवींत किंवा दोहोंत त्याला मागें ठेवूं द्यावें कीं नाहीं हें त्या त्या सरकारनें ठरवावें. आणि कोणालाही शाळेंतून काढूं नये. केंद्राच्या २०२४ च्या नियमांनीं यांत आणखी भर घातली. मागें राहिलेल्या मुलाला, आणि गरज पडल्यास त्याच्या पालकांनाही, वर्गशिक्षकानें मार्गदर्शन करावें. शिकण्यांतील उणिवा हेरून विशेष मदत द्यावी. मुख्याध्यापकानें अशा मुलांची यादी ठेवून जातीनें लक्ष घालावें. आणि परीक्षा घोकंपट्टीची नसावी. यांतील एकेक वाक्य निर्दोष आहे. नापासाचे कैवारी समजतात तशी ही छडी परत आलेली नाहीं.

परंतु वाक्यें निर्दोष असून त्यांचा क्रम सदोष असूं शकतो, आणि येथें तसेंच झालें आहे. कलम २४ प्रमाणें जी मदत प्रत्येक मुलाला वर्षभर मिळावयाची होती, ती या दुरुस्तीप्रमाणें नापास झाल्यावर, दोन महिने, तेही बहुधा उन्हाळ्याच्या सुटींत, मिळावयाची आहे. पांच वर्षांत ज्या शाळेनें मुलाला वाचावयास शिकविलें नाहीं, ती साठ दिवसांत काय शिकविणार? मुख्याध्यापकानें यादी ठेवावयाची ती पांचवीच्या अखेरीस कां? पहिलीच्या दिवाळीला कां नव्हे? २०२१ मध्यें सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेनें तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान आलें पाहिजे असें ध्येय ठरविलें, तें यथायोग्यच आहे. तें खरोखर पाळावयाचें तर पांचवीची परीक्षा जें सांगणार तें दोन वर्षें शिळें असेल. मूळ कायद्यानें आजाऱ्याला औषध न देतां बरा झाल्याचा दाखला दिला; दुरुस्ती त्याला आजारी असल्याचा दाखला देते आणि औषधाची वाट पाहावयास सांगते.

मग करावें काय, असें कोणी विचारील. याचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. तें मुंबईंतच एकदां सांपडलें आहे. या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या व बडोद्याच्या म्युनिसिपल शाळांतून ‘प्रथम’नें ‘बालसखी’ नांवाचा उपक्रम चालविला. वस्तींतीलच माध्यमिक शिक्षण झालेली एक तरुणी शाळेंत येई. तिसरी-चौथींतील मागें पडलेलीं पंधरा-वीस मुलें वर्गांतून बाजूला घेई. आणि रोज दोन तास त्यांना अगदीं पहिल्या पायरीपासून वाचन व आंकडेमोड शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें काटेकोर मोजमाप करून २००७ सालीं तें प्रसिद्ध केलें. मुलांची प्रगति स्पष्ट दिसली, आणि लाभ झाला तो प्रामुख्यानें मागें पडलेल्यांनाच. बॅनर्जी व डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां आपण अभिमानानें टाळ्या वाजविल्या. परंतु त्याच वर्षीं आपण जी दुरुस्ती अमलांत आणली तींत या अनुभवाचा मागमूस नाहीं. वास्तविक बालसखीनें केलें तें इतकेंच कीं, दोन तासांपुरती इयत्ता बाजूला ठेवली आणि मुलाला जें येतें तेथून आरंभ केला. पंतोजींच्या ओसरीवर जें थोड्यांना मिळत होतें, तें सर्वांना देण्याचा हा मार्ग होता. मूल आपल्या वयाच्या सोबत्यांबरोबर वरच्या वर्गांत जावो. पण वाचनाच्या व गणिताच्या तासाला तें आपल्या पायरीवर बसो. त्यासाठीं कायद्यांत नवें कलमही नको. कलम २४ पुरेसें आहे.

शेवटीं दोन शब्द वाचकवर्गाविषयीं. हें मासिक ज्या घरांत जातें त्या घरांतील मुलें क्वचितच नापास होतात. होऊं लागलीं तर शिकवणी लागते, आई अभ्यासाला बसते, शाळा बदलते. म्हणजे आपल्या मुलाच्या बाबतींत आपण नापासाचा उपाय कधींच वापरीत नाहीं. आपण ज्यादा शिकवणुकीचाच उपाय वापरतों, आणि तोही निकालाची वाट न पाहतां. जो उपाय आपल्या घरीं आपण एक दिवसही चालूं देणार नाहीं, तो इतरांच्या मुलांना हितकर आहे असें ठामपणें सांगण्यापूर्वीं थोडा विचार व्हावा. तसेंच, ‘कोणालाही दुखवूं नये’ या कोमल भावनेनें सरसकट वर चढविण्याचें समर्थन करणारांनींही, आपल्या मुलानें पांचवींत जाऊन दुसरीचें पुस्तक वाचलें नसतें तर आपण किती शांत राहिलों असतों, हें स्वतःला विचारावें.

या कायद्याचें कलम २१ प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला एक व्यवस्थापन समिति देतें, आणि तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावे असें सांगतें. या कलमाविषयीं दिवाणखान्यांत कोणी बोलत नाहीं. परंतु गांवोगांवच्या या समित्यांनीं वर्षांतून तीन वेळां शाळेंत बसून, निकालपत्रक न मागतां, एकेका मुलाच्या हातीं पुस्तक देऊन एक पान वाचून घेतलें, आणि ज्याला तें आलें नाहीं त्याच्यासाठीं उद्यांपासून कोण, कोठें व किती वेळ बसणार हें त्याच बैठकींत ठरविलें, तर कलम १६ मूळचें असो कीं दुरुस्त, त्याला फारसें महत्त्व उरणार नाहीं. पहिली बैठक दिवाळीच्या आधीं व्हावी. दिवाळीनंतर फडावर गेलेल्या मुलाचें वाचन ऐकावयास गांवांत कोणी उरत नाहीं.